दोन बोटांची फट

३ सप्टेंबर, मंगळवार

फादर आज चर्चच्या समितीसमोर म्हणाले, "मिस्त्री, कामाची नोंद ठेवा, पुढे उपयोगी पडेल." कोणाच्या उपयोगी पडेल ते नाही सांगितलं. माझी मापांची जुनी वही आहे, तिचीच मागची पानं उघडलीत. बायको असती तर म्हणाली असती, बोलायला माणूस उरलं नाही म्हणून आता वहीशी भांडणार का? हो, भांडणार.

तर नोंद. समुद्रापलीकडे आमच्या चर्चची एक बहीण आहे. म्हणजे तिथलं चर्च, तिथला धर्मग्राम. दीड वर्षापूर्वी त्यांच्यावर डोंगर उतरला आणि चौतीस घरं मातीखाली गेली. त्याआधी ही बहीण आहे हे आमच्यातल्या चौघांनाही ठाऊक नव्हतं. पण आता आहे. त्यांनी नव्या जागी भिंती उभ्या केल्यात, दारं आम्ही द्यायची. चाळीस दारं, चौकटींसकट. ही कल्पना माझी. लाकूडसुद्धा मीच सुचवलं. वरच्या आळीच्या माथ्यावर चर्चच्या जागेत जुनी झाडं होती, नुसती उभी. सव्वा वर्षापूर्वी ती तोडली, कापली आणि माझ्या शेडमध्ये सुकवली. ओल्या लाकडाचं दार म्हणजे थापाड्याचं वचन, महिनाभरात फिरतं. फादर प्रवचनात म्हणाले होते, आपल्या डोंगरावरची सावली बहिणीच्या दारी चालली. बायकांनी डोळे पुसले. मीही पुसले, कशाला खोटं बोलू.

आज तिथल्या सुताराचं पत्र आलं. तो कागदावर लिहितो आणि त्याचा फोटो फादरांच्या फोनवर येतो. आमच्या शाळेतल्या निवृत्त बाईंना ती भाषा येते, त्या वाचून सांगतात. मापं व्यवस्थित आहेत. पण खाली दोन मागण्या. एक, दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी हवीत. दुसरी, वर चौकटीत आणि दारात दोन बोटं फट ठेवावी.

दोन बोटं! मी बाईंना पुन्हा वाचायला लावलं. दोन बोटांच्या फटीतून मांजराचं पिल्लू जाईल. मी एक सूत फट ठेवतो, तीही नाइलाजाने. हा माणूस सुतार आहे की कोंबड्यांची खुराडी करणारा? बाई म्हणाल्या, "काहीतरी कारण असेल, विचारू का?" मी म्हटलं, कारण कसलं, हात साफ नसला की फट लागतेच.

दारं मी माझ्या पद्धतीने करणार. बाहेर उघडतील, तेवढं ऐकतो.

८ सप्टेंबर, रविवार

मिस्सानंतर लेकीकडे जेवायला गेलो. ती वरच्या आळीत राहते, ओळीतलं शेवटून तिसरं घर. सातवा महिना लागलाय, पाय सुजतात, तरी स्वयंपाक हिनेच करायचा. मी काही बोललो तर म्हणते, "बाबा, तुम्ही बसा हो."

बसणार कसा, दारच उघडेना. कडीच्या बाजूला वरचा कोपरा चौकटीत रुतलेला. खांदा लावला तेव्हा उघडलं. आणि मग माझ्या तोंडून गेलं ते गेलं. दोन वर्षांपूर्वी हे घर बांधताना जावईबापूंनी चौकट स्वतः बसवली होती. सासरा सुतार, पण याला हौस. हा वायरमन. वायरमनने चौकट बसवायची म्हणजे न्हाव्याने दात काढायचे. हेच बोललो. तो अर्ध्या ताटावरून उठला. भांडला असता तर बरं झालं असतं.

"दोन वर्षं हे दार लोण्यासारखं लागत होतं," लेक म्हणाली. "तेव्हा एकदा तरी म्हणालात का, चांगलं बसवलंय?"

मी रंधा मागवला असता तर पाच मिनिटांचं काम होतं. पण ती म्हणाली, राहू दे. तशीच खाली आलो.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आठ दारं तयार झाली. वास असा सुटलाय शेडमध्ये की कामावरून उठवत नाही.

मधे मधे वरच्या आळीची बोलावणी सुरू आहेत. सोमवारपासून पाच घरांची दारं घासून दिली. एका बाईंची खिडकी लागत नाही, एकांचं न्हाणीघर आतून अडकलं आणि आजोबा अर्धा तास आत ओरडत होते. सगळी हसत होती. आजोबा सोडून.

टेलरकडेही गेलो. टेलर माझा शाळेपासूनचा दोस्त, आळीच्या टोकाला त्याचं घर आणि घरातच मशीन. त्याचं दार मी वीस वर्षांपूर्वी केलंय, आमच्या दोघांच्या मैत्रीइतकं जाड. तेही अडकतंय म्हटल्यावर मला जरा लागलं. घासून दिलं. आता एका बोटाने बंद होतं. टेलरीणबाईंनी चारदा उघडून-लावून पाहिलं.

"काय रे, दाराला म्हातारपण आलं का?" टेलरने विचारलं.

"हवा दमट आहे," मी म्हटलं. "लाकूड फुगतं. काळजी करू नको, तुझ्या पोटापेक्षा कमीच फुगलंय."

त्याने मला कात्री फेकून मारल्यासारखं केलं. पैसे घेतले नाहीत, कोटाचं अस्तर बदलून घेईन.

एक गंमत. पाचही दारं एकाच कोपऱ्यात घासत होती. कडीची बाजू, वरचा कोपरा. ऊन एकाच बाजूने येतं म्हणून असणार.

१९ सप्टेंबर, गुरुवार

पलीकडच्या सुताराचं दुसरं पत्र. पुन्हा फटीचंच तुणतुणं. "कृपा करून दोन बोटं. कमी नको." आणि एक प्रश्न : लाकूड कोणतं, कुठल्या जागेवरचं?

हा प्रश्न मात्र बरा विचारला. सुताराने लाकडाची जात विचारावी, कुळ विचारावं. मी बाईंना सविस्तर सांगितलं, लिहा. आमच्या इथे उतारावर सतरा घरांची आळी आहे, तिच्या डोक्यावरची शंभर वर्षांची झाडं होती. एकूण बावीस. खोडं अशी की दोघांच्या कवेत येत नव्हती. मुळं काढली नाहीत, जमिनीतच कुजू दिली. तुमच्यासाठी आळीतल्या लोकांनी सावली सोडली.

फटीबद्दल बाईंनी विचारलं, काय उत्तर देऊ? मी म्हटलं, लिहा की दारं आली की बघ, मग बोल. बाईंनी पेन खाली ठेवलं. "मिस्त्री, माणसाचं सगळं गेलंय. त्याच्याशी कशाला चढाओढ?"

चढाओढ नाही. मी माझं वाईट काम समुद्रापार पाठवणार नाही, एवढंच. पण त्यांचं बोलणं घरी आल्यावरही टोचत राहिलं, म्हणून लिहून ठेवतोय.

२९ सप्टेंबर, रविवार

दहा दिवस वही उघडली नाही. पस्तीस दारं झाली. आठवडाभर झिमझिम सुरू आहे, थांबत नाही आणि धड पडतही नाही.

वरच्या आळीने मला वेड लावलंय. ज्या दारांना रंधा मारला तीच पुन्हा अडकतात. तोच कोपरा. टेलरचं तिसऱ्यांदा घासलं. एकाने तोंडावर विचारलं, "मिस्त्री, हात थकला का?" चाळीस वर्षांत मला हे कोणी म्हटलेलं नाही. मी म्हटलं, दमटपणा आहे, हिवाळ्यात बघा. सगळ्यांना तेच सांगतोय, दमटपणा. सांगून सांगून मलाच पाठ झालंय.

आळीतला विजेचा खांब वाकलाय. पोरं त्याला दारूड्या म्हणतात. पायऱ्यांच्या बाजूने पाण्याची बारीक धार येते, पूर्वी नव्हती. बायका खूश आहेत, कपडे धुवायला दारात पाणी. गढूळ आहे, पण पायपुसणी धुवायला चालतं म्हणे.

लेक तीन आठवडे खाली आलेली नाही. मी आळीत रोज असतो, तिच्या दारावरून जातो, पण आत जात नाही. बोलावलं तर जाईन. आज ती ओट्यावर उभी होती, कमरेवर हात ठेवून. मी पेटी या हातातून त्या हातात घेतली आणि पुढे गेलो. गाढव आहे मी.

६ ऑक्टोबर, रविवार

चाळीसही दारं चर्चच्या हॉलमध्ये भिंतीला लावून उभी केली. मिस्सानंतर फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं. लोक दारांवरून हात फिरवत होते. कोणीतरी म्हणालं, अशी दारं तर आपल्या घरांना नाहीत. मान वर करून चाललो, खोटं कशाला बोलू.

लेक आली नाही. जावई आला होता, मागे उभा होता. त्याने एक दार चौकटीत उघडून पाहिलं, वरच्या फटीवर नख फिरवलं, माझ्याकडे पाहिलं आणि गेला. मागणी दोन बोटांची होती हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

९ ऑक्टोबर, बुधवार

बाई सकाळी स्वतः शेडमध्ये आल्या. कधी येत नाहीत. उभ्यानेच पत्र वाचलं. मी पाटावर रंधा चालवत होतो, दुसऱ्या वाक्याला हात थांबला. जसं आठवतंय तसं उतरवतो.

"भावा, तुझ्या पत्रातली झाडांची गोष्ट वाचून झोप लागली नाही. आमच्याही घरांच्या डोक्यावरची झाडं आधीच्या वर्षी तोडली होती. मुळं कुजली की माती मोकळी होते, हे आम्हांला मागाहून कळलं. तुला एकच विचारतो. तुझ्या त्या आळीतली दारं अडकतात का? आमच्याकडे अडकत होती. मला त्या मोसमात जितकं काम मिळालं तितकं कधी मिळालं नव्हतं. मी सगळ्यांची दारं घासून दिली. सगळ्यांना सांगितलं, हवा दमट आहे. जेव्हा माती हलली तेव्हा आधी चौकटी वाकल्या आणि दारं आतच रुतली. लोक आत होते. आम्ही त्यांना ऐकत होतो. म्हणून दोन बोटं मागतो, आणि बाहेर उघडणारी मागतो. तुझी चेष्टा करायला नाही."

बाई गेल्या. मी आधी चिडलो. मला शिकवतो! मग पेटीतून गुण्या आणि ओळंबा काढला आणि काही न खाता वर गेलो.

१० ऑक्टोबर, गुरुवार

काल एवढंच लिहिलं, पुढचं राहिलं. आता लिहितो.

सतरा चौकटींना गुण्या लावला. सतराच्या सतरा काटकोनात नाहीत. सगळ्या खालच्या अंगाला झुकलेल्या, एकीकडे. हे मला महिनाभर दिसत होतं. मी रंधा मारत होतो.

शेवटी लेकीच्या घरी. जावई दारात आला. मी पेटी हातात घेऊन उभा. लेक आतून म्हणाली, "आता काय राहिलंय बोलायचं?"

मी ओळंबा सोडला. चौकटीच्या लाकडावर, आतल्या बाजूला, पेन्सिलची बारीक उभी रेघ होती. दोन वर्षांपूर्वी जावयाने ओळंब्याने मारलेली, पुसली नव्हती. चौकट अजून त्या रेघेशी इमान राखून होती, पण वर रेघेवर धरलेली ओळंब्याची दोरी खाली तिच्यापासून अंगठाभर बाहेर लटकत होती. म्हणजे त्याने बसवली तेव्हा ती दोरीवर होती. माझ्यापेक्षा सरळ बसवली होती पोराने.

"तुझी चौकट बरोबर होती," मी म्हटलं. "जमीन सरकलीय."

त्याने रेघेवर बोट ठेवलं. मी पुन्हा म्हटलं, "दोन वर्षं मी तुला जे बोललो, ते सगळं माझं चुकलं. आता हिला घेऊन खाली चल. आत्ता. पाया पडू का तुझ्या?"

"बाबा!" लेक म्हणाली. तिचा आवाजच बदलला.

जावई फक्त एवढंच म्हणाला, "मीटर बंद करून येतो." अर्ध्या तासात दोघं खाली, माझ्या घरी. मी रडलो तर दोघंही दुसरीकडे बघत राहिले. शहाणी आहेत.

फादरांनी सरकारी इंजिनियरला फोन केला. तो म्हणाला, सोमवारी येतो. फादरांनी हॉल उघडून दिला, दारं बाजूला सरकवून अंथरुणं घातली. मी घरोघर सांगत फिरलो. नऊ घरं उतरली. आठ नाही. काय सांगितलं त्यांनी? "मिस्त्री, तुम्हीच म्हणालात ना, दमटपणा?"

मीच म्हणालो होतो.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

जे उतरत नाहीत त्यांची दारं तरी कापून द्यायची असं ठरवलं. वरून दोन बोटं. आमची दारं आत उघडणारी, ती एका दिवसात फिरवता येत नाहीत, पण फट पाडता येते. जावई बरोबर आला. मी करवत चालवायची, त्याने दार धरायचं. आयुष्यात पहिल्यांदा चांगली दारं बिघडवत फिरलो, आणि फुकट. एका म्हातारीने विचारलं, "या फटीतून थंडी येईल त्याचं काय?" जावई म्हणाला, "आजी, मी स्वतः कापड लावून देईन." दिलंही.

सात घरांनी कापू दिलं.

टेलरने नाही. दाराला पाठ लावून उभा राहिला. "वीस वर्षं झाली या दाराला. तुझा सगळ्यांत चांगला नग, तूच म्हणायचास. मी तुझ्या कोटाला भोक पाडू का?" मी हात जोडले. तो हसला. "सोमवारी इंजिनियर येतोय ना? तो म्हणाला तर माझ्या हाताने कापतो. लग्नाचे सहा सूट शिवायचे अंगावर आहेत, मशीन हॉलमध्ये कुठे नेऊ?" टेलरीणबाईंनी आतून सांगितलं, चहा ठेवलाय. मी चहा घेतला नाही. घ्यायला हवा होता. बसलो असतो तर कदाचित मानला असता.

निघताना त्याने दार लावलं. एका बोटाने. मीच गेल्या आठवड्यात पाचव्यांदा घासलं होतं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

शनिवारी दुपारी चार वाजता माती उतरली. आवाज आधी झाडासारखा आला, मग सगळीकडून. वरची अर्धी आळी पूर्ण गाडली नाही, ढकलली गेली. घरं उभी होती पण तिरकी. फट पाडलेल्या सातही घरांतली माणसं बाहेर पळाली, दारं अडली पण उघडली. म्हातारी कापडासकट बाहेर आली.

मी आणि जावई पहार घेऊन टेलरच्या दाराशी. चौकट पिळवटली होती, दार तिच्यात पाचरीसारखं. आतून टेलर म्हणाला, "ढकल रे." मग, "ओढतोय मी, तू ढकल." ओरडत नव्हता, काम सांगावं तसं सांगत होता. खिडकी मातीने भरलेली. पहार लाकडात घुसेना. इतकं पक्कं दार मी केलं होतं. एक फळी निघाली तेव्हा टेलरीणबाईंचा हात दिसला, मी धरला. मग वरून पुन्हा आवाज आला. जावयाने मला कमरेला धरून ओढलं. मी त्याला शिव्या दिल्या. त्याने सोडलं नाही.

आज इंजिनियर आला होता. ठरल्याप्रमाणे, सोमवारी.

२० ऑक्टोबर, रविवार

टेलर आणि टेलरीणबाईंना काल पुरलं. लेकीला काल कळा आल्यासारखं झालं, पण खोट्या निघाल्या. ती घरात झोपलीय. जावई दाराशी बसून असतो. माझ्या घराचं दार मी काढून ठेवलंय, पडदा लावलाय.

हॉलमध्ये बाकी पंधरा घरांची माणसं आहेत, चाळीस दारांच्या मधे. दार मधे उभं करून लोकांनी खोल्या केल्यात. मी आत गेलो की लोक अंथरुणं आवरायला लागतात. बोलले असते तर बरं.

फादरांच्या फोनवर पलीकडच्या सुताराचा निरोप आला. बाईंनी वाचून दाखवला, मग कागदावर उतरवून दिला : "भावा, ऐकलं. आता तुमची पाळी घेण्याची. तुमच्याकडची चाळीस तुमच्याच लोकांना ठेव, कमी पडतील ती आम्ही करू. लाकूड आम्ही सपाट जमिनीवरचं आणू. किती घरं, मापं कळव."

दुपारी पेन्सिल घेऊन बसलो. हॉलमधल्या पहिल्या दाराला वरून दोन बोटांवर रेघ मारली. अजून एकोणचाळीस आहेत. मग वहीत घरं लिहिली. सोळा लिहिलं. खोडलं. टेलरच्या घराची उंची, रुंदी मला न मोजता पाठ आहे, ती सगळ्यांत वर लिहिली आणि सतरा केलं. तिथे कोण राहणार मला ठाऊक नाही. बाई म्हणाल्या, "खाली आणखी काही लिहायचंय?" मी म्हटलं, त्याला लिहा, सगळी बाहेर उघडणारी. वर फट दोन बोटं. कमी नको.